कार्ड बसवलंय, मग चित्र काढतंय कोण?

वाचकांचे प्रश्न : कारखाना आणि कॉम्प्युटर

ताई, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आहे. पंपाची केसिंगं आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. मेथडचं, म्हणजे रस साच्यात कसा ओतायचा ते ठरवायचं, काम माझ्याकडे. ऑफिसातल्या उबंटू मशीनवर एनव्हिडियाचं बऱ्यापैकी कार्ड आहे. मॉडेल काढायचं फ्रीकॅड आणि सिम्युलेशनचे निकाल बघायचं पॅराव्ह्यू डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात) बसवलेत आणि अनगोळच्या घरून व्हीएनसीवर, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा इथं दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, उघडतो. उघडतं सगळं, पण मॉडेल फिरवलं की धक्के खात फिरतं. तेवढ्यात ऑफिसातून पोरांचा फोन, की मशीनचा पंखा जोरात वाजूलालाय. कंटेनरमध्ये कार्डाची स्थिती दाखवणारं एनव्हिडिया-एसएमआय चालवलं तर कार्ड दिसतं, पण त्याचा वापर शून्य. दुकानदार म्हणतोय, याहून मोठं कार्ड घाला. घालू का?
— एक मेथड डिझायनर, उद्यमबाग

घालू नका. आहे ते कार्ड रिकामं बसलंय, मोठं घातलंत तर तेही रिकामंच बसेल. मी याच भागातल्या डिझाइन ऑफिसांची मशीनं सांभाळते, आणि लहान फाउंड्रीचा पैसा नको त्या कार्डात अडकलेला मला बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डाचा वापर शून्य आणि पंखा जोरात, या दोन गोष्टी तुम्ही स्वतःच लिहिल्यात. त्यांचा अर्थ एकच. केसिंगचं चित्र तुमचा सीपीयू काढतोय. व्हीएनसीचा सर्व्हर आपला पडदा साध्या मेमरीत मांडतो. त्याचा ग्राफिक्स कार्डाशी सहसा काही संबंध नसतो. फ्रीकॅडनं त्याच्याकडे ओपनजीएल (थ्रीडी चित्र काढून घ्यायची ठरलेली पद्धत) मागितलं की मेसा नावाची लायब्ररी पुढे होते आणि एलएलव्हीएमपाइप हा सॉफ्टवेअर रेंडरर देते. तो सीपीयूचे सगळे कोअर कामाला लावतो आणि चित्र अगदी बरोबर काढतो. बरोबर काढतो म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. एखादा ब्रॅकेट फिरवायला तो पुरतो. पण राइजरसकट (रस पुरवणाऱ्या साठ्यासकट) केसिंग, त्यावर सॉलिडिफिकेशनचा, म्हणजे रस गोठण्याचा, निकाल रंगवलेला आणि त्यात लाखो सेल, असं काही समोर आलं की त्याची दमछाक होते.

आधी खात्री करा. कंटेनरच्या डेस्कटॉपवर टर्मिनल उघडून जीएलएक्सइन्फो ही चित्र कोण काढतंय ते सांगणारी आज्ञा चालवा, सोबत मोठ्या बीचा (B) पर्याय द्या म्हणजे थोडक्यात उत्तर येतं. त्यात ‘ओपनजीएल रेंडरर’ अशी एक ओळ असते. तिथं एलएलव्हीएमपाइप दिसलं की प्रश्न मिटला, कारण सापडलं. आज्ञाच सापडली नाही तर मेसा-युटिल्स हे पॅकेज टाका. माझ्याकडे कुणी धक्क्यांची तक्रार घेऊन आलं, की दुसरं काही विचारण्याआधी मी ही ओळ वाचून दाखवायला सांगते.

आता कार्ड दिसतं आणि तरी वापरलं जात नाही, ते का? बहुतेक जण अडकतात ते इथंच. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्ड दिसलं म्हणजे कार्ड पूर्ण मिळालं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट ड्रायव्हर तुकड्यातुकड्यानं आत सोडतं. हिशेबासाठी कॉम्प्युट, देखरेखीसाठी युटिलिटी, ओपनजीएल आणि तशाच दुसऱ्या पद्धतीसाठी, व्हल्कनसाठी, ग्राफिक्स, व्हिडिओ एन्कोडिंगसाठी व्हिडिओ, असे वेगवेगळे हक्क आहेत. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर कॉम्प्युट आणि युटिलिटी एवढेच दोन मिळतात. एनव्हिडिया-एसएमआय हे युटिलिटीत येतं, त्यामुळे ते चालतं. ओपनजीएलच्या लायब्रऱ्या मात्र बाहेरच राहतात. ‘एनव्हिडिया ड्रायव्हर केपेबिलिटीज’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कंटेनरला द्या. मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायचं असतं ते. त्यात ग्राफिक्स, युटिलिटी, कॉम्प्युट हे तिन्ही लिहा. पुढे व्हिडिओ एन्कोडिंग लागणार असेल तर व्हिडिओही आत्ताच घाला.

डॉकर कंपोज (कंटेनरची मांडणी एका फाइलमध्ये लिहायची सोय) वापरत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. त्या फाइलमध्ये डिव्हाइसच्या खाली केपेबिलिटीज म्हणून ‘जीपीयू’ लिहिलेलं असतं. तेवढ्यानं कार्ड मिळतं, ग्राफिक्स मिळत नाही. वरचं व्हेरिएबल एन्व्हायर्नमेंटच्या भागात वेगळं लिहा. आणि ते लिहिल्यावर नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. एन्व्हायर्नमेंट कंटेनर बनवताना ठरतं, म्हणून जुना काढून नवा बनवावा लागतो.

एवढं केलंत तरी जीएलएक्सइन्फो पुन्हा एलएलव्हीएमपाइपच सांगेल. घाबरू नका. कार्ड आता दारात आलंय, पण व्हीएनसीच्या पडद्याला ते अजून माहीत नाही. त्या दोघांची गाठ घालून देतं व्हर्च्युअलजीएल. इमेजमध्ये (ज्या तयार साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) ते बसवा आणि फ्रीकॅड नेहमीसारखं न उघडता व्हीजीएलरन या आज्ञेमागून उघडा, डिव्हाइसच्या जागी ईजीएल (पडद्याशिवाय थेट कार्डापर्यंत जायचा मार्ग) असं सांगून. मग फ्रीकॅडची ओपनजीएलची मागणी व्हीएनसीकडे जायच्या आधी व्हर्च्युअलजीएल ती अडवतं आणि कार्डाकडे वळवतं. कार्ड आपल्या मेमरीत, कुठल्याही मॉनिटरशिवाय, चित्र काढतं. फ्रेम पूर्ण झाली की तिचे पिक्सेल वाचून व्हर्च्युअलजीएल ते व्हीएनसीच्या खिडकीत ठेवतं. आपल्या धंद्यातलंच सांगायचं तर भट्टी उद्यमबागेत, रस उद्यमबागेत, अनगोळला येतं ते ओतून तयार झालेलं कास्टिंग. तुमचं मॉडेल, त्याचे त्रिकोण, टेक्श्चर यातलं काहीही तारेवरून जात नाही. जातं ते फक्त चित्र.

जुन्या लेखांतून तुम्हाला कार्डावर वेगळा एक्स सर्व्हर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवायला आणि त्याचा सॉकेट कंटेनरमध्ये द्यायला सांगितलेलं आढळेल. व्हर्च्युअलजीएलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ईजीएलचा मार्ग आलाय, त्यामुळे तो खटाटोप लागत नाही. आणि मला तो नकोसाच वाटतो. एक्सच्या दुनियेत एकाच पडद्याला जोडलेले प्रोग्राम एकमेकांत टाइप केलेलं वाचू शकतात. ‘एक्सहोस्ट प्लस’ करून सगळ्यांना दार उघडून देणं हे गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं असलेल्या मशीनवर करूच नये.

शेवटची तपासणी म्हणजे व्हीजीएलरनमागून जीएलएक्सइन्फो. रेंडररच्या ओळीत आता तुमच्या कार्डाचं नाव यायला हवं. ईजीएल उघडत नाही अशी तक्रार आली तर इमेज फार सडपातळ आहे का बघा. ओपनजीएल आणि ईजीएलच्या जीएलव्हीएनडीवाल्या (मागणी योग्य कंपनीच्या ड्रायव्हरकडे वळवणाऱ्या) सामान्य लायब्रऱ्या इमेजमध्येच टाकाव्या लागतात, त्या बाहेरून येत नाहीत. जीएलव्हीएनडीच्या फोल्डरात एनव्हिडियाच्या नावाची एक छोटी जेसन फाइल लागते, ती ग्राफिक्सचा हक्क दिल्यावर टूलकिट आत आणतं. ती नसेल तर पुन्हा व्हेरिएबलचं स्पेलिंग तपासा. एखादं अक्षर चुकलं तरी कुणी ओरडून सांगत नाही.

कंटेनरमधला ब्राउझर अधूनमधून मरत असेल तर तो वेगळा आजार. डॉकर सामायिक मेमरी म्हणून फक्त ६४ एमबी देतं. शेअर्ड मेमरीचा आकार वाढवून एक जीबी करा. आणि व्हल्कनवर चालणारे प्रोग्राम असतील तर त्यांना व्हर्च्युअलजीएलचा उपयोग नाही, ते ओपनजीएलसाठी आहे.

मॅडम, मी मच्छेला इंजिनिअरिंग शिकतो. प्रोजेक्टसाठी मी अशीच इमेज केली आणि कुठंही चालावी म्हणून एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिच्यातच टाकला. लॅबमध्ये मस्त चालली. मग लॅबचं मशीन अपडेट झालं आणि आता ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही असं येतंय. मित्राच्या लॅपटॉपवर नुसतं इंटेलचं ग्राफिक्स आहे, तिथं परवानगी नाही म्हणतंय.
— एक विद्यार्थी

कुठंही चालावी हा तुझा हेतू चांगला आहे, पण ड्रायव्हर आत टाकल्यानं नेमकं उलटं होतं.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, बसतो, दुसरा लायब्रऱ्यांच्या रूपात प्रोग्रामबरोबर. दोघांची आवृत्ती तंतोतंत एक लागते. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो लॅबच्या मशीनचाच वापरतो. म्हणजे कर्नलमधला भाग लॅबनं बदलला आणि तुझ्या इमेजमधल्या लायब्रऱ्या जुन्याच राहिल्या. टूलकिट आहेच त्यासाठी. कंटेनर सुरू होताना ते त्या मशीनच्या लायब्रऱ्या आत जोडतं, त्यामुळे जोडी आपोआप जुळते. इमेजमधून ड्रायव्हर पूर्ण काढून टाक. आणि एक बघ, कंटेनरच्या बाहेर मशीनवरच एनव्हिडिया-एसएमआय हाच संदेश देत असेल तर अपडेटनंतर मशीन रीबूट केलेलं नाही. मेमरीत अजून जुना भाग आहे. सरांना सांगून रीबूट करून घे.

इंटेल आणि एएमडीचं गणित वेगळं. तिथं लायब्ररी म्हणजे मेसा, आणि ती इमेजमध्येच ठेवायची. कर्नलशी तिचं बोलणं ठरलेल्या रीतीनं चालतं, आवृत्ती तंतोतंत जुळावी लागत नाही. बाहेरून फक्त डीआरआयचं (लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्डाकडे जायचं दार) डिव्हाइस द्यायचं. त्या फोल्डरात ‘कार्ड’ नावाची फाइल असते आणि ‘रेंडर डी १२८’ नावाची. मॉनिटरला हात न लावता नुसतं चित्र काढायचं तर दुसरी पुरते. तुझ्या मित्राला परवानगी नाही म्हणतं, कारण ही फाइल रेंडर या ग्रुपच्या मालकीची असते. कर्नल ग्रुपचं नाव बघत नाही, क्रमांक बघतो. बाहेर रेंडरचा क्रमांक एक, कंटेनरमध्ये दुसराच, असं सर्रास असतं. बाहेरचा क्रमांक शोध आणि कंटेनर चालवताना ग्रुप-अ‍ॅडला तो आकडाच दे. इंटरनेटवर कुणीतरी प्रिव्हिलेज्ड करून चालव असं सांगेल. चालेलही. पण मग कंटेनरला सगळ्या मशीनवर हात टाकता येतो. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मी समोर बसले असते तर यावर नक्की विचारलं असतं.

ताई, मी खानापूर तालुक्यात राहते आणि बेळगावच्या एका ऑफिससाठी घरून ड्रॉइंगचं काम करते. मशीन त्यांचं, कंटेनर त्यांचा, मी फक्त लॅपटॉपवरून जोडते. दोन त्रास आहेत. काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल-निळ्या बारीक रेषा पुसट दिसतात, कडेला डाग येतात. आणि पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. किती स्पीडचं कनेक्शन घेऊ?
— एक ड्राफ्ट्सवुमन

स्पीडच्या आधी रेषांचं बोलू, कारण ते पैसे न खर्चता सुटतं.

१९२० बाय १०८० चा पडदा म्हणजे सुमारे वीस लाख पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट. एक फ्रेम ६२ लाख बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम तशाच पाठवल्या तर जवळजवळ दीड गिगाबिटची लाइन लागेल. म्हणून चित्र दाबून पाठवतात. दाबताना सर्वांत सोपी काटकसर म्हणजे उजेडाचा तपशील पूर्ण ठेवायचा आणि रंगाचा तपशील शेजारशेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकायचा. फोटोत किंवा सिनेमात डोळ्याला ते कळतही नाही. तुमच्या कामात मात्र एका पिक्सेलची लाल रेष काळ्यावर असते, आणि तिचं सगळं अस्तित्व रंगातच आहे. म्हणून तीच पुसट होते. तुमची नजर ठीक आहे, लॅपटॉपही ठीक आहे.

ऑफिसात टर्बोव्हीएनसी (व्हीएनसीचाच एक प्रकार) असेल तर व्ह्यूअरच्या पर्यायांत क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे हीच रंगाची काटकसर, असतं, ते ‘नन’ करा. कमी वेगाच्या लाइनसाठी दिलेल्या तयार पर्यायात जेपीईजीचा दर्जा ३० आणि रंगाची काटकसर जास्तीत जास्त असते. तुमच्याकडे तोच निवडला असावा असं मला वाटतं. दर्जा थोडा कमी ठेवलात तरी चालेल, पण रंगाची काटकसर बंद करा. शिवाय ‘लॉसलेस रिफ्रेश’ ही सोय आहे. मॉडेल फिरवताना दाबलेलं चित्र येऊ द्यायचं आणि थांबून माप वाचायच्या वेळी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एल एकत्र दाबायचं. पूर्ण स्वच्छ पडदा एकदा येतो. माप लिहिण्याआधी ही सवय लावून घ्याच. ८ आहे की ३ आहे अशी शंका ड्रॉइंगवर राहता कामा नये, पुढे त्यावरून साच्याचा पॅटर्न बनतो.

काही ऑफिसं व्हीएनसी सोडून एच.२६४ च्या व्हिडिओप्रवाहाकडे वळलीत. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत त्याचा एन्कोडर वेगळा असतो, त्यामुळे सीपीयूवर ताण येत नाही आणि फिरतं चित्र कमी डेटात फार गुळगुळीत दिसतं. सिम्युलेशनचे अ‍ॅनिमेशन दाखवायला मी तेच निवडेन. पण त्यातही बहुतेक वेळा रंगाची हीच काटकसर असते. बारीक रेषांच्या ड्राफ्टिंगला मला अजून टर्बोव्हीएनसी बरं वाटतं.

आता कनेक्शन. स्पीडपेक्षा विलंब बघा. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पण तुमचं इंटरनेट एका कंपनीचं आणि ऑफिसचं दुसऱ्या कंपनीचं असेल तर डेटा मुंबईला किंवा बंगळूरला वळसा घालून बेळगावात उतरू शकतो. ट्रेसरूट चालवलं की वाट दिसते, पिंग केलं की वेळ कळते. ४०-५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर माउस हाताबरोबर चालतो. शंभरच्या वर गेलं की शंभर एमबीपीएसची लाइनही मदत करत नाही. दोन कंपन्या मिळत असतील तर ऑफिसात आहे तीच घेऊन बघा. एका पडद्याच्या ड्राफ्टिंगला स्थिर १० ते २० एमबीपीएस मला पुरेसं वाटतं.

पावसाळ्याचं म्हणाल तर या पद्धतीचा सर्वांत मोठा आधार तोच आहे. एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीवरून) एक्स फॉरवर्ड करून, म्हणजे प्रोग्रामची खिडकी थेट घरच्या पडद्यावर आणून, प्रोग्राम उघडला आणि जोडणी तुटली, तर प्रोग्रामही मरतो. व्हीएनसीचं सेशन मात्र ऑफिसच्या मशीनवर जिवंत राहतं. घरची लाइट गेली तरी रेष जिथं सोडली तिथंच असते, पुन्हा जोडून पुढे काढायची. पण ऑफिसची लाइट गेली तर यूपीएसच वाचवणार, तेवढं त्यांना विचारून घ्या. आणि दुसरी गोष्ट जरूर विचारा : तुमच्या फायली कंटेनरच्या पोटात आहेत की बाहेरच्या व्हॉल्यूमवर (कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या जागेवर)? कुणी नवी इमेज आणण्यासाठी कंटेनर काढला तर पोटातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. व्हॉल्यूमवर नसतील तर आजच हलवायला सांगा.

जोडणी एसएसएचच्या बोगद्यातून किंवा वायरगार्ड या व्हीपीएनवरून असू द्या. व्हीएनसीचा ५९०१ हा पोर्ट राउटरवर उघडा ठेवलेला असेल तर बंद करायला लावा. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीच्या पासवर्डात पहिली ८ अक्षरंच धरली जातात, पुढे कितीही लिहा.

निपाणीत मी मुलांना कॅड शिकवतो. लॅबची मशीनं जुनी आहेत. एक चांगलं कार्ड घेऊन दहा मुलांना दहा कंटेनर देता येतील का?
— एक शिक्षक

येतील, सर. मला ही कल्पना फार आवडली. जुन्या मशीनला फक्त ब्राउझर चालवता आला पाहिजे. कंटेनरमध्ये नोव्हीएनसी बसवलं की पडदा थेट ब्राउझरमध्ये उघडतो, मुलांच्या मशीनवर काही टाकावं लागत नाही.

एकच कार्ड अनेक कंटेनरना एकाच वेळी देता येतं, ते आळीपाळीनं सगळ्यांचं काम करतं. मुलं सतत मॉडेल फिरवत नाहीत, विचार करतात, आकडे भरतात, त्यामुळे वेळेची वाटणी निभावते. अडचण येते कार्डाच्या मेमरीची. कंटेनरला साधी मेमरी आणि सीपीयू बांधून देता येतात, कार्डाची मेमरी डॉकर बांधून देत नाही. एकानं भलंमोठं असेंब्ली उघडलं तर उरलेल्या नऊ जणांचे प्रोग्राम बंद पडू शकतात. म्हणून कार्ड घेताना वेगापेक्षा मेमरी जास्त असलेलं घ्या, आणि अभ्यासाचे भाग लहान ठेवा. सीपीयूत कंजुषी करू नका. दहा पडदे दाबून पाठवायचं काम व्हीएनसीत त्याच्यावरच पडतं. एखाद्या मुलाला कार्डाशिवाय, एलएलव्हीएमपाइपवर काम करायला लावूनही बघा. सुरुवातीच्या धड्यांना तेवढं पुरलं तर पहिलं वर्ष कार्डाविना काढता येईल आणि तो पैसा रॅममध्ये घालता येईल.

कंटेनरमधून ड्रॉइंग उघडलं की टायटल ब्लॉकमधल्या कन्नड आणि मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मशीनवर थेट उघडलं तर ठीक.
— शहापूर, बेळगाव

इमेजमध्ये फॉन्ट नाहीत, एवढंच. डेबियन किंवा उबंटूवर आधारलेली असेल तर लोहितचे देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही फॉन्ट टाका, किंवा नोटोचा संच. मग फॉन्टची यादी ताजी करा. फाइलच्या नावांत प्रश्नचिन्हं येत असतील तर लोकेल (भाषा आणि अक्षरांची मांडणी) युटीएफ-८ चं करा, कंटेनरमध्ये ते सहसा ठरवलेलं नसतं. हे सगळं इमेज बनवायच्या फाइलमध्ये लिहा, चालत्या कंटेनरमध्ये नको. गिऱ्हाइकाला पीडीएफ पाठवण्याआधी फॉन्ट आत बांधले गेलेत का तेही बघा, नाहीतर चौकोन त्याच्याकडे उमटतील.